गेलं न्हाई, सरकलं

मामांच्या घरी भाड्याने राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारावर एक पांढरी चिठ्ठी डकवलेली दिसली. तिच्यावर निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘पत्रकार. झाकण उघडे ठेवू नये.’ खाली तारीख आणि सही.

घरातल्या प्रत्येक वस्तूवर अशी चिठ्ठी होती. मिठाच्या बरणीवर ‘मीठ’, साखरेच्या बरणीवर ‘साखर (चाखून पाहिली)’ आणि तिच्या शेजारच्या बरणीवर ‘रिकामी, परंतु पूर्वी मिरची’. केजच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मामांनी तीस वर्षं परिचर म्हणून काम केलं होतं. काम मुख्यतः काचेच्या नळ्या धुण्याचं. कॉलेजात शिपाई आणि परिचर यांना सगळेच मामा म्हणतात. निवृत्तीनंतर नोकरी केजला राहिली आणि मामा हे नाव त्यांच्याबरोबर गावी आलं. गाव केजपासून जीपने पंधरा मिनिटांवर. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो.

तीस वर्षं नळ्या धुतल्याने त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. कुठलीही गोष्ट धुतली जात नाही. ती फक्त धुणाऱ्याच्या पाण्यात जाते. हे ते चार शब्दांत सांगत : ‘गेलं न्हाई, सरकलं हाय.’ टाकीतलं पाणी संपलं, जीपमधली जागा भरली, निवडणुकीत कुणाची मतं कमी झाली, सगळ्याला हेच उत्तर. गावाने या वाक्याचा सोयीचा अर्थ काढला होता. मामांचा विषय निघाला की लोक कपाळाला बोट लावत आणि म्हणत, ‘सरकलंय.’ मामांना ते ठाऊक होतं. शब्द तरी बरोबर वापरतात, असं ते म्हणत.

चहाचा कप ते तीन पाण्यांनी धूत. तिसरं पाणी कढीपत्त्याला, दुसरं पायरीवर. पहिलं पाणी कुठे टाकायचं हे त्यांना कधीच ठरवता येत नसे. ते हातात धरून अंगणात उभे राहत, चारी दिशांना बघत आणि शेवटी ते एका बाटलीत ओतून बाटली फळीवर ठेवत. फळीवर अशा अनेक बाटल्या होत्या. वास घ्यायचा तर वस्तू नाकाजवळ न्यायची नाही, हाताने हवा आपल्याकडे ओढून घ्यायची, हा प्रयोगशाळेचा नियम त्यांनी आयुष्याला लावला होता. लग्नाच्या पंगतीत ताट आलं की ते भाजीवरून हात हलवून घेत. नवखा वाढपी समजे, नको म्हणतायत, आणि पुढे जाई. मामा अनेक लग्नांत वरण-भातावर परतले आहेत.

खांद्यावर पांढरा सुती पंचा असे. नळी धुतली की पुसायची, ही जुनी सवय. निवृत्तीनंतर नळ्या राहिल्या नाहीत, पंचा राहिला. तो रोज धुतला जाई, पण साध्या पाण्याने. साबणाचा फेस कुठे टाकायचा हा प्रश्नही सुटलेला नव्हता.

मामांच्या परसदारामागे कौसाबाईची तुतीची बाग होती आणि बागेला लागून पत्र्याची शेड. शेडमध्ये रेशमाच्या अळ्या. कौसाबाई आणि तिचा नवरा मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. लग्न झाल्यापासून दरवर्षी दोघं ऊस तोडायला जात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तुती लावली. पहिल्या दोन बॅच बऱ्या निघाल्या होत्या. ही बॅच नीट निघाली तर यंदा कारखान्यावर जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. दसरा तोंडावर आला होता. तोडीसाठी जोड्या जमवणारा मुकादम एकदा येऊन गेला. कोष निघू द्या, मग सांगते, असं सांगून तिने त्याला परत पाठवलं.

मामांनी त्या शेडची प्रयोगशाळा केली होती. दारात चुन्याचं घमेलं, त्यात पाय ठेवूनच आत जायचं. बाहेर पाण्याची बादली, हात तीनदा धुवायचे. दारावर चिठ्ठी : ‘बाहेरचे काही आत नेऊ नये.’ कौसाबाईचा नवरा एकदा बिडी विझवून ती कानावर ठेवून आत गेला, तर मामांनी त्याला बाहेर काढून कान धुवायला लावला. कौसाबाई हे सगळं मुकाट पाळत होती, कारण शेजारच्या गावातल्या बॅच रोगाने गेल्या तेव्हा तिची वाचली होती.

तुतीच्या बांधापलीकडे भागवतची कपाशी. भागवत सरळ माणूस. फवारणी करायची असली की आदल्या दिवशी येऊन कौसाबाईला सांगे. तिने सोय ठरवली होती. फवारणीनंतर बांधाकडच्या ओळीचा पाला तोडायचा नाही. रोज एक पान तोडून हुंगायचं. औषधाचा वास गेला की आणखी दोन दिवस सोडायचे आणि मग तोडायचं. शिवारात सगळ्यांचाच हिशेब नाकावर चालत होता. वास गेला म्हणजे औषध गेलं.

मग नॅनो आलं.

केजला अप्पांचं खतं-बियाणं-औषधांचं दुकान आहे. अप्पा विभूती लावून सकाळी सातला गल्ल्यावर बसतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला घरचं माणूस असल्यासारखं रागावतात. त्यांच्या दुकानापुढे एका कंपनीच्या माणसाने मंडप टाकून मेळावा घेतला. मी बातमीसाठी गेलो होतो, मामा माझ्याबरोबर आले होते. त्या माणसाने करंगळीएवढी बाटली दाखवली. नव्या नॅनो औषधाचे कण इतके बारीक की केसाच्या टोकावर असंख्य मावतील. प्रत्येक कणाला कवच. कवचामुळे ऊन औषधाला मारत नाही, पाऊस धुऊन नेत नाही. ते कपाशीला धरून बसतं आणि हळूहळू सुटत राहतं. वास अजिबात नाही. काम झालं की संपतं.

मामा उठून उभे राहिले. ‘संपतं म्हंजी कुटं जातं?’

मातीत त्याचं विघटन होतं, असं तो म्हणाला.

‘कव्हा?’

‘हळूहळू.’

‘म्हंजी तव्हर तितंच हाय की.’

तो माणूस सभ्य होता. त्याने समजावलं की मात्रा इतकी कमी असते की नंतर तपासणीत काही सापडतच नाही.

मामा म्हणाले, ‘आमच्या लॅबमधी एकदा साहेबांचा चष्मा सापडत न्हवता. लई तपासणी झाली. कपाटं उपसली. चष्मा त्यांच्याच कपाळावर व्हता.’

मंडप हसला. अप्पा म्हणाले, ‘मामा, चहा घ्या. गार व्हायलाय.’ मामांनी कपावरून हात फिरवला आणि ते खाली बसले.

परतताना जीपमध्ये, तेलगावच्या बाजाराला निघालेल्या दोन बायकांच्या मधे बसून, त्यांनी मला विषय समजावून दिला. जुनं औषध म्हणजे सोललेला शेंगदाणा, उन्हात टाकला की खराब. हे टरफलासकट. टरफल आहे तोवर ऊन आत शिरणार नाही. पण टरफल पानावरच फुटेल असं कुणी सांगितलं? काही कण मातीला चिकटतील, काही एकमेकांना चिकटून गोळा होतील, काही पाण्याबरोबर विहिरीकडे जातील. जुन्या औषधाचे दिवस मोजायची सवय झाली होती, ते दिवस याला लागू नाहीत.

मी विचारलं, मग किती दिवस धरायचे?

‘मला ठाव न्हाई,’ मामा म्हणाले. ‘कुणालाच नीट ठाव न्हाई. म्हून तर इचारलं.’ शेजारच्या बाईने पिशवी त्यांच्यापासून थोडी लांब घेतली.

भागवतने बाटली घेतली. नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी सांगितलं, संध्याकाळी धूळ उडवून वारा रस्त्याकडे असल्याची खात्री केली आणि फवारलं. दुसऱ्या दिवशी मामा त्याला बांधावर भेटले.

‘किती टाकलं बे?’

‘दोन टोपणं.’

‘कोन्तं टोपण?’

‘पंपाला बांधल्यालं. जुनंच.’

या भागात औषध बाटलीच्या टोपणाने मोजतात. बाटली फेकली जाते, मापाचं म्हणून टोपण दोऱ्याने पंपाला बांधून ठेवतात, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. भागवतचं टोपण लिटरच्या बाटलीचं होतं.

‘बाटलीवर काय लिवलंय ते वाचलं का?’

‘एवढीशी बाटली, मामा. तिच्यावरलं मुंगीनं वाचावं.’ मग त्याने खरं कारण सांगितलं. अप्पांनी सांगितलेली मात्रा इतकी कमी होती की ती टाकताना त्याला आपण कपाशीची चेष्टा करतोय असं वाटलं.

कौसाबाईने बांधाकडचं पान हुंगलं. पहिल्याच दिवशी वास नव्हता. ती पान घेऊन मामांकडे आली. मामांनी त्यावरून बराच वेळ हात फिरवला.

‘काय न्हाई,’ ते म्हणाले. ‘हेच वाईट हाय.’

नाक निकामी झाल्यावर दुसरं यंत्र हवं होतं. रेशमाच्या अळीला औषधाचा कणही सोसत नाही. मामांनी कौसाबाईकडून वाढीत मागे पडलेल्या अळ्या मागून घेतल्या, त्यांना ‘साक्षीदार’ हे पद दिलं आणि पाच ताटल्यांत घालून माझ्या टेबलावर ठेवल्या, कारण घरातली सर्वांत हवेशीर खोली माझी होती. प्रत्येक ताटलीवर चिठ्ठी : ‘बांधाची ओळ’, ‘मधली ओळ’, ‘विहिरीजवळ’, ‘लांबचे (निर्दोष)’ आणि ‘कपाशीवर घासलेले’. पुढचा आठवडा मी बातम्या मांडीवर कागद घेऊन लिहिल्या. अळ्या दिवसभर पाला खात आणि त्याचा कुरकुर आवाज येत राही. आठवड्याच्या शेवटी त्याच्याशिवाय मला लिहायला सुचेना.

मामांचा दिनक्रम ठरला. सकाळी भागवतच्या कपाशीत जायचं, तुतीचं पान कपाशीच्या पानावर घासायचं, ते ताटलीत टाकायचं, मग शेडमध्ये जाऊन कौसाबाईला निकाल द्यायचा. पाचव्या ताटलीतल्या अळ्या दुसऱ्या दिवशी डोकं वर करून हलवू लागत, हिरवं पाणी ओकत आणि आडव्या होत. नव्या अळ्या घातल्या तरी तेच. आठवडा झाला तरी तेच. जुन्या औषधाचा वास एव्हाना विसरला गेला असता. बाकीच्या चार ताटल्यांत पाला मी घालत असे; त्या मात्र ठणठणीत होत्या. भागवतने वारा नीट सांभाळला होता. मामांनी शेडमध्ये जाऊन बांधाची ओळ निर्दोष असल्याचं जाहीर केलं. कौसाबाईने तो पाला तोडायला सुरुवात केली.

दोन दिवसांनी शेडमधल्या अळ्या डोकी हलवू लागल्या.

कौसाबाई बांधावर गेली आणि भागवतला हाक मारली. ती ओरडली नाही. तिने त्याला शेडमध्ये आणलं, चुन्यात पाय ठेवायला लावले, अळ्या ठेवलेले बांबूचे ताटवे दाखवले आणि म्हणाली, ‘मुकादमाला तूच फोन लाव. सांग, कौसा येतीय म्हून.’

भागवतने पोराबाळांची शपथ घेतली. वारा रस्त्याकडे होता, मामांच्या ताटल्या साक्षीला आहेत. पण आठवडी बाजारात दुपारपर्यंत बातमी पसरली. देवळापुढच्या पारावर त्याला कुणी म्हणालं, दोन टोपणांत रेशीम गेलं, तिसऱ्यात काय गाव घेतो का. मी चार ओळींची बातमी पाठवली : ‘रेशीम अळ्या दगावल्या, शेजारच्या फवारणीचा संशय’. नाव दिलं नव्हतं. शेजारी एकच होता.

मामांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. शेडचा नकाशा काढला. अळ्या सहा खणांत होत्या आणि सगळ्यांना एकाच ढिगातला पाला. आजारी होते फक्त दारालगतच्या खणातले दोन ताटवे. माझ्या टेबलावर ‘बांधाची ओळ’ खाणाऱ्या अळ्या आनंदात होत्या. म्हणजे पाला दोषी नव्हता. म्हणजे वाराही नव्हता. काहीतरी दारातून पाच हात आत येऊन थांबत होतं.

‘दारापाशी कोण थांबतं?’ त्यांनी कौसाबाईला विचारलं.

‘तुमीच की,’ ती म्हणाली. ‘रोज सकाळी तितंच उभं ऱ्हाऊन आळ्या हातावर घेता आन मला निकाल सांगता.’

‘मी हात तीनदा धुतो.’

‘धुता. आन पुसता कशाला?’

मामांनी मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. कपाशीतून येताना दवाने भिजलेले हात आठवडाभर रोज ज्याला पुसत, आणि शेडच्या दारात तीनदा धुतलेले हात पुन्हा ज्याला पुसत, तो पंचा तिथेच होता.

घरी येऊन त्यांनी निर्दोष तुतीचं एक पान घेतलं, दोन्ही बाजूंनी पंच्याने पुसलं आणि सहाव्या ताटलीत ठेवलं. चार साक्षीदार सोडले. चिठ्ठी लिहिली. ताटलीवर नेहमी जागेचं नाव असे. या ताटलीवर ‘मी’ असं लिहिलं.

सकाळी सहाव्या ताटलीतल्या अळ्या डोकी हलवत होत्या. त्याच सकाळी माझी बातमी छापून आली.

मामांनी पंचा तीन पाण्यांनी धुतला, पुन्हा पान पुसलं, पुन्हा अळ्या सोडल्या. संध्याकाळी याही अळ्यांनी डोकं वर केलं. ते माझ्या खाटेवर बसले.

‘कपाशीला धरून बसतं म्हनला ना त्यो?’

‘हो.’

‘पंचा कशाचा हाय?’

‘कापसाचा,’ मी म्हणालो.

मग त्यांनी वर्तमानपत्र काढलं आणि बातमीवर बोट ठेवलं. ‘संशय म्हून लिवलंय. माजं नाव कावून न्हाई टाकलं?’

मी म्हणालो, बातमी पाठवली तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांनी खुलासा छापायची मागणी केली. मी कार्यालयाला फोन लावला. उपसंपादकाने सांगितलं की खुलासा ज्याच्यावर आरोप झाला त्याने द्यायचा असतो; ज्याच्यावर आरोप झालेलाच नाही त्याने तो मान्य करण्यासाठी खुलासा द्यायची पद्धत नाही. मामांनी फोन मागून घेतला आणि त्याला शांतपणे विचारलं, ‘तुमी पंचा वापरता का?’ पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर, हरवलेल्या बैलाच्या जाहिरातीखाली तीन ओळी आल्या : सदर औषध शेजारच्या शेतातून वाऱ्याने न जाता एका ज्येष्ठ नागरिकाच्या खांद्यावरून गेल्याचे त्यांनी स्वतः कळविले आहे.

ते कात्रण घेऊन मामा पारावर गेले, भागवतला बोलावलं आणि माणसं जमल्यावर वाचून दाखवलं. मग म्हणाले, ‘वाऱ्याला तू सांभाळलंस. मला न्हाई सांभाळलंस.’ आणि पुढे, तितक्याच आवाजात : ‘पर त्ये टोपण सोड.’ भागवतने पंपाचा दोरा तिथेच तोडला. टोपण कुठे टाकावं हे न कळून तो ते मुठीत धरून उभा राहिला. मामांनी ते मागून घेतलं. ते फळीवर आहे.

केजला अप्पांना हकीकत कळली होती. मामा दुकानात शिरताच ते गल्ल्यावरून म्हणाले, ‘मामा, चष्मा घावला म्हना.’ मामा त्या वेळी पहिल्यांदा हसले. त्यानंतर अप्पा करंगळीएवढी बाटली देताना गिऱ्हाइकाला आधी टोपण दाखवायला लावतात आणि वास नसला म्हणजे औषध नाही असं समजू नका, असं रागावतात.

कौसाबाईने दारालगतचे दोन ताटवे काढून टाकले. मामा शेडच्या बाहेर उभे राहून निकाल विचारू लागले. राहिलेल्या अळ्यांनी चार दिवस पाला खाल्ला, पाचव्या दिवशी त्या पिवळसर, पारदर्शक दिसू लागल्या आणि कोष विणायच्या जाळीवर चढल्या. कोष पांढरे, घट्ट निघाले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुकादमाचा फोन आला तेव्हा मी तिथे होतो. ती म्हणाली, ‘यंदा दुसरा कोयता बघा,’ आणि फोन ठेवून शेड झाडायला गेली.

मामा आता हात धुतले की पुसत नाहीत. दोन्ही हात वर धरून वाळेपर्यंत उभे राहतात. रस्त्याने जाणारे जीपवाले त्यांना हात जोडतात.

पंच्याचं काय करायचं यावर त्यांनी आठवडाभर विचार केला. जाळला तर धुरात, पुरला तर मातीत, धुतला तर पाण्यात. अखेर तो घडी करून रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घातला, झाकणाभोवती मेण लावलं आणि फळीवर ठेवला. कौसाबाईने विचारलं, किती दिस ठेवायचा. मामा चिठ्ठी लिहायला बसले.

गेल्या वर्षी बीडहून जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे थांबलो. बरणी जागेवर होती. चिठ्ठीवर लिहिलं आहे : ‘पंचा. सरकवू नये.’ खाली ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने आखले आहेत. पहिल्यात त्या दसऱ्याची तारीख आहे. दुसरा कोरा आहे.